झाकणाला चिकटवलेली हळदीची पट्टी

मी एका बारा वर्षांच्या मुलीच्या वहीत खोटं लिहिलं. लाल पेनाने तिच्या निरीक्षणावर काट मारली, शेजारी ठसठशीत अक्षरांत 'बदल नाही' असं लिहिलं आणि खाली, हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात, 'डोळ्यांनी पाहून लिहावे' असा शेरा दिला. पाहिलं होतं ते तिने. मी त्या वेळी माझ्या घरी शेंगा सोलत बसले असेन.

सत्तरी ओलांडली माझी. रसायनशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेला. एवढं झाल्यावर तरी बाईने माती खाऊ नये. मी खाल्ली, आणि चवीने खाल्ली. शेरा दिल्यावर मला बरंसुद्धा वाटलं होतं. 'बघा, अजून नजर शाबूत आहे,' असं मनात म्हणत मी चष्मा पुसला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल, कारण माझी अशी समजूत आहे की तो शेरा मी दिलाच नाही, एका दुसऱ्या बाईने दिला. ती तरुण होती. ठाण्यात माजिवड्याच्या पुढे एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चेहऱ्यावर असा भाव की मूलद्रव्यांचा तक्ता हिच्या माहेरून आंदण आलाय. ती आज समोरून आली तर मी शेजारच्या दुकानात शिरेन आणि ती जाईपर्यंत नको असलेलं काहीतरी विकत घेत बसेन. ती बाई म्हणजे अर्थातच मी.

तिच्या कपाटात एक जर्नल होतं. कुठल्याशा जुन्या बॅचमधल्या सुंदर अक्षराच्या मुलीचं. दर वर्षी जूनमध्ये ते बाहेर निघायचं, वर्गात फिरायचं, आणि दिवाळीपर्यंत सगळ्या वर्गाचे सगळे प्रयोग निरीक्षणांसकट लिहून तयार व्हायचे. प्रयोग नंतर. तोही मी करायचा, मुलांनी हात मागे बांधून बघायचा. का, तर फुटेल, सांडेल, कपड्यांवर उडेल. एका वर्षी कपाटातला लिटमस दमट हवेने असा काही मेला होता की आम्लात बुडवला तरी ढिम्म. चाळीस पोरं टक लावून बघतायत. मी म्हटलं, "लाल झालाय असं समजा."

एकाने हात वर केला. "बाई, 'समजा' असं लिहू?"

"नाही. 'झाला' असं लिही."

चाळीस जणांनी 'झाला' लिहिलं. मी चाळीस सह्या केल्या. रात्री झोपही लागली असणार, कारण न लागल्याचं काही आठवत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही ठाकुर्लीला आलो. सोसायटीतून खाडीच्या दिशेने चालत गेलं की एक वस्ती लागते, आणि तिच्या पुढे कोळ्यांची घरं. वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल रविवारी सकाळची वंदना आटोपली की रिकामा असतो. हॉलची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. भाजी घेताना ओळख झाली, बोलता बोलता मी रसायनशास्त्राची निघाले, आणि त्यांनी तिथेच, वांग्यांच्या ढिगासमोर, "मग आमच्या पोरांना शिकवा की," असं सुनावलं. मी हो म्हटल्यावर मात्र त्यांना काळजी लागली.

"ताई, ॲसिड-बिसिड नाही ना आणणार?"

"लिंबू आणीन."

"स्फोट-बिट?"

"फार तर हळदीचे डाग पडतील."

"मग चादर आणा खाली टाकायला. फरशी नवीन आहे."

तर चादर, आणि चादरीवर माझं सामान. हळद, लिंबं, खायचा सोडा, तुरटी, मीठ, कपडे धुण्याचा साबण. चुना मी मुलांच्या हाती देत नाही. पानवाल्याकडून आणते, घरी पाण्यात ढवळून रात्रभर ठेवते आणि वरचं नितळ पाणी तेवढं बाटलीत भरून नेते. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि बारा वर्षांच्या पोरांचे हात दर मिनिटाला डोळ्याला जातात. सगळ्यात मोठं संकट वेगळंच होतं. स्वयंपाकघरातली वस्तू म्हटली की मुलं चाखतात. आयुष्यभर त्यांनी सोडा भज्यांत आणि हळद वरणात बघितलेली, ती घाबरतील कशाला? म्हणून मी सुनेच्या नेलपॉलिशने प्रयोगाच्या प्रत्येक वाटीवर लाल ठिपका दिला. ठिपक्याची वाटी पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही आणि ठिपक्याच्या वाटीतलं तोंडात जाणार नाही. बाकी नियम तीनच: तोंडात काही नाही, डोळ्याला हात नाही, न्हाणीघरातलं काही नाही. तिसरा सांगितला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण आजी, माझी आई संडासाला दोन बाटल्या मिक्स करून टाकते. जास्त चकाकतं." मी तो तास तिथेच आवरला आणि तिच्या आईकडे गेले. त्यातून कसला विषारी वायू निघू शकतो ते सांगितलं, तर ती माऊली म्हणाली, "हां, खोकला येतो खरा. मला वाटलं, स्ट्राँग आहे म्हणून."

इथवर मी शहाणी होते, हे कृपया नोंदवून ठेवा. पुढे फारसं हाती लागणार नाही.

त्या रविवारी आम्ही हळदीच्या पट्ट्या केल्या. हळद पाण्यात कालवायची, कोऱ्या कागदाला फासायची, कागद सुकला की पट्ट्या कापायच्या. साबण लागला, सोडा लागला की पिवळी पट्टी लाल होते. लिंबू लावलं तर पिवळीच. पोरं हरखली. मी घरचा अभ्यास दिला: मोठ्या माणसाला विचारून घरातल्या पाच गोष्टींवर पट्टी लावून बघा. चार मी सांगितल्या, पाचवी तुमच्या मनाची. पट्ट्या भाताच्या शिताने वहीत चिकटवून आणा.

पुढच्या रविवारी वह्या तपासत होते. कोळ्यांच्या घरांमधली एक मुलगी होती, दोन घट्ट वेण्या घालणारी, बोलणं कमी आणि लिहिणं फार. तिची आजी बाजारात मासळी विकते. मुलीने पाचव्या ओळीत लिहिलं होतं: 'डबा. सकाळी पिवळी. संध्याकाळी लाल.'

"डबा म्हणजे काय?" मी विचारलं.

"बोंबलाचा. आजीच्या टोपलीतले दोन उरलेले. मी झाकणाला आतून पट्टी लावलेली, डबा बंद केलेला."

"मग पट्टीला मासा लागला असेल."

"नाय लागला. पट्टी वर, मासा खाली."

"पाणी उडालं असेल."

"नाय उडालं. आजीने डबा हलवलाच नाय."

"म्हणजे काहीही न लागता पट्टी लाल झाली?"

"हो."

"दाखव."

तिने पान उलटलं. पाच पट्ट्या ओळीत. साबणाची लाल, सोड्याची लाल, लिंबाची पिवळी, मिठाच्या पाण्याची पिवळी. आणि डब्याची पिवळीधमक.

"अगं, ही तर पिवळी आहे."

"तेव्हा लाल झालेली."

"मग आता काय झालं तिला?"

ती पट्टीकडे बघत राहिली. तिलाही ते कोडंच होतं, हे आज मला दिसतं. तेव्हा मला फक्त अपराधी चेहरा दिसला. "माहीत नाय," ती म्हणाली. "डबा उघडला तेव्हा झालेली. मग वहीत लावली. मग परत अशी झाली."

"पट्टी आहे का सरडा आहे?"

वर्ग खो खो हसला. हसवला मीच. आणि त्या हशाच्या भरात माजिवड्याची बाई किल्ल्या वाजवत आली, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि जे लिहायचं ते लिहिलं.

मुलगी एवढंच म्हणाली, "पण झालेली." वही घेतली आणि जागेवर जाऊन बसली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या शेजारच्या घरातली एक तोंडाळ पोर वर्गात येते, तिला विचारलं, "अगं, ती का येत नाही?"

"तिला काम असतं."

"काय काम?"

पोरीने इकडे तिकडे पाहिलं. "खरं सांगू? ती बोलली, काय झालं ते शिकवणाऱ्या आजीच ठरवणार तर मी बघू कशाला?"

मी 'बरं' म्हटलं आणि पुढचा प्रयोग सुरू केला. तुरटीचा होता. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. त्या दिवशी पाणी निवळलं. माझं डोकं नाही.

गोंधळ असा होता. खोटं बोलणारं पोर स्वतःविरुद्धचा पुरावा शिताने चिकटवून आणत नाही. तिला फसवायचंच असतं तर साबणाचं एक बोट पुरलं असतं, पट्टी लालभडक झाली असती, मी शाबासकी दिली असती. म्हणजे पट्टी लाल झाली होती. पण काही न लागता लाल कशी झाली? आणि झाली तर परत पिवळी कशी? साबणाची पट्टी तर लालच राहिली होती. दोन्ही प्रश्न मी भाजी चिरताना विचारले, जिना चढताना विचारले, रिक्षात विचारले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, कुठे उतरायचंय ते सांगा आधी."

शेवटी ठरवलं, करून बघावं. आता इथे अडचण अशी की आमच्या घरात मासा म्हणजे पंचांगातली मीन रास. मी उभ्या आयुष्यात मासळी बाजारात पाऊल टाकलेलं नाही. टाकलं. डोंबिवलीच्या बाजारात सकाळी पदर नाकाला न लावण्याचा निश्चय करून उभी राहिले आणि पहिल्याच कोळणीला विचारलं, "शिळे बोंबील आहेत का?"

तिने कोयता बाजूला ठेवला. "काय गो बाय, सकाली सकाली भांडाला आयलीस?"

"नाही हो, मला खायचे नाहीत."

"खायचे नाय तं काय पुजायचेत?"

शेजारच्या चार जणी जमल्या. मी प्रयोगाबद्दल सांगायला लागले, ते कोणालाच कळलं नाही. मग गुपचूप दोन ताजे बोंबील घेतले, घरी आणले, जुन्या डब्यात ठेवले, झाकणाला आतून हळदीची छान वाळवलेली पट्टी लावली आणि डबा गॅलरीत उन्हात ठेवला. शिळे मिळत नाहीत तर आपण करू.

दुपारी सून म्हणाली, "आई, गॅलरीत काय आहे?"

"प्रयोग."

"प्रयोगाला वास येतोय."

"तोच तर प्रयोग आहे."

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'ड्रेनेज कुठे तुंबलंय का?' मी त्यावर अंगठा दाखवला आणि नाक दाबून डबा उघडला. वास असा की डोळ्यांत पाणी. पट्टी पिवळी. स्वच्छ, निर्लज्ज पिवळी.

म्हणजे माझाच शेरा बरोबर होता. 'बदल नाही'. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही, कारण त्या वासात मला एक वाक्य आठवलं. ते वाक्य मी वर्षानुवर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना तोंडाने उतरवून दिलं होतं: अमाईन संयुगांना माशासारखा वास असतो आणि ती आम्लारिधर्मी असतात. म्हणजे साबणा-सोड्याच्याच जातीची. एका मुलाने एकदा विचारलं होतं, "बाई, ताज्या माशासारखा की शिळ्या?" मी म्हटलं होतं, "परीक्षेत विचारत नाहीत." मला माहीत असायचं काय कारण? मी माशाचा वास शिकवत होते, तो माझ्या नाकाला कधी शिवला नव्हता!

म्हणजे मासा शिळा झाला की जो वास उडतो तोच पट्टीला लाल करणार. मासा लागायची गरज नाही. आणि पट्टी उघड्यावर आली की वास उडून जाणार, लालीही उडून जाणार. साबण उडत नाही, म्हणून त्याची पट्टी लाल राहते. पुस्तकाप्रमाणे मुलीचा शब्द न् शब्द खरा. पण माझ्या डब्यातली पट्टी पिवळी!

डोकं धरून बसले. आयुष्यभर मी पुस्तकाची बाजू घेऊन प्रयोगाला गप्प बसवलं. आता पुस्तक त्या मुलीच्या बाजूला उभं आणि प्रयोग माझ्या. कोणावर विश्वास ठेवू? पुस्तकावर ठेवला तर मी परत 'झाला असं समजा' म्हणणारीच. प्रयोगावर ठेवला तर मुलगी खोटी. आणि मुलगी खोटी नाही, हे मला कुठलाही पुरावा नसताना ठाऊक होतं, जे शास्त्रात अजिबात चालत नाही.

सोमवारी दुपारी मी तिच्या घरी गेले. पिशवीत पट्ट्या, नेलपॉलिशची बाटली आणि घाबरलेली मी. दारात तिची आजी थर्माकोलचा खोका धूत होती. माझ्याच वयाची, पण मनगटं माझ्या दुप्पट. मला बघून तिने पाणी ओतायचं थांबवलं.

"तूच ती हलदीची मास्तरीन?"

"हो."

"पोरीला खोटारडी बोललीस."

"बोलले."

"मंग आता काय पोलीस आनलेस?"

"पट्ट्या आणल्यात," मी म्हटलं. "माझ्या घरी मासा कुजवून बघितला. पट्टी लाल झाली नाही. मला काहीच कळेनासं झालंय."

म्हातारी पोट धरून हसली. "बामनीन मासली कुजवते! अगो, आयकलास का!" आतून मुलगी दारापर्यंत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. वेण्या मात्र तशाच घट्ट.

"ताजी मासली घेतलीस का?" आजीने विचारलं.

"ताजीच. शिळी मागितली तर ओरडल्या."

"वरडनारच. ताज्या मासलीला वास नसते गो बाय. वास येते ती आमी इकत नाय." मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि तिचे डोळे बारीक झाले. "पन काय गो, उद्या तुजा ह्यो कागूद घेवून गिऱ्हाईक आयला तं? मी धंदा करू का कागूद बघू?"

"तुमचा मासा ताजा, मग कसली भीती?"

"माजा ताजाच असतो. पन कागूद तुजा हाय. त्याचा काय भरोसा?"

खरंच काय भरोसा होता? माझ्या गॅलरीत कुजलेल्या बोंबलाला त्या कागदाने ताजेपणाचं सर्टिफिकेट दिलं होतं.

"डबा गच्च बंद केला होता," मी मुलीकडे बघून, पण कोणालाच नाही अशा आवाजात सांगितलं. "उन्हात ठेवला. वास तर इतका की शेजारी गटार शोधत होते. पट्टी वरच, झाकणाला. तू केलंस तसंच सगळं. मग माझी पिवळी का राहिली, मला खरंच समजत नाही."

चौकटीतून आवाज आला. "सुकी लावलेली?"

"हो, चांगली वाळवून."

"मी ओलीच लावलेली. हळद फासली नि लगेच लावली. आजीला बाजारात जायचं होतं, मी थांबलेच नाय."

ओली! मी मटकन पायरीवर बसले. वास आधी पाण्यात विरघळणार, मग हळदीला भिडणार. कोरड्या कागदावर तो नुसता फिरून जाणार. प्रयोगशाळेत लिटमस वायूत धरण्याआधी ओला करायचा, हे मी चाळीस-चाळीस पोरांना दर वर्षी दटावून सांगत आले होते. स्वतःच्या गॅलरीत मात्र विसरले!

"मग दोन्ही लावू," मी उठले. "एक ओली, एक सुकी. आजी, कालचं काही आहे?"

"इकायचा मिलनार नाय," आजीने बजावलं. "डोकी नि आतडी हायेत, फेकायची. ती घे." आणि आत जाऊन घेऊन आली. मी मुलीच्या हातात बाटली दिली, तिने दोन जुन्या डब्यांवर ठिपके काढले. मी कालची डोकी एका डब्यात टाकून झाकणाला शिताने दोन पट्ट्या लावणार, एवढ्यात ती म्हणाली, "आणि ताज्याचा डबा?"

"त्याला कशाला? तो पिवळाच राहणार."

"राहील की नाय ते बघायला."

मी पिशवीतून आणखी दोन पट्ट्या काढल्या. आजीने कुरकुरत आजच्या सकाळच्या मांदेलीतल्या चार दिल्या. दोन डबे, चार पट्ट्या. मुलीने वही आणली आणि वेळ लिहिली. डबे उन्हात, आम्ही सावलीत. त्या दोन तासांत तिच्या आजीने मला मासा कसा ओळखायचा ते शिकवलं: कल्ले उचलून बघ, बोटाने दाबून बघ, डोला बघ. मी म्हटलं, आमच्यात याला निरीक्षण म्हणतात. ती म्हणाली, आमच्यात याला पोट म्हणतात.

डबे उघडले ते मुलीने, तोंड बाजूला करून, हाताने वारा घालत, मी शिकवलं होतं तसं. कालच्या डब्यातली ओली पट्टी विटेच्या रंगाची झाली होती. सुकी पिवळी. ताज्याच्या डब्यातली ओली पिवळी. आणि ताज्याच्या डब्यातली सुकी पिवळी, पण एका कोपऱ्यात एक लाल ठिपका.

"हा कुठून आला?" मी म्हटलं.

"भाताची शितं असतील," आजी.

"माझा साबणाचा हात लागला असेल," मुलगी.

मला काही अजूनही सुचलेलं नाही. त्या ठिपक्याचं कारण त्या दिवशी तिघींपैकी कोणालाच मिळालं नाही, आणि मुलीने वहीत 'ठिपका, कारण माहीत नाही' असं लिहिलं. मी त्यात काही घालायला गेले नाही.

तेवढ्यात आजी ओरडली, "जातंय! बघ, जातंय!" तिने ती विटकरी पट्टी झाकणावरून सोडवून उन्हात धरली होती आणि रंग डोळ्यांदेखत फिका पडत होता. तांबूस, मग केशरी, मग कडेने पिवळा. मुलगी पट्टीवर वाकली. तिला पहिल्यांदाच एकटीने बघावं लागत नव्हतं. "असंच झालेलं," ती हळूच म्हणाली. "अगदी असंच."

डोकी खड्ड्यात पुरली. डबे लांब ठेवले. तिघींनी साबणाने हात धुतले, मी दोनदा. पदराला हात पुसत मी मुलीसमोर उभी राहिले. इतकी वर्षं मुलांना माफी मागायला लावली, आपण मागायची कशी ते माहीत नव्हतं, म्हणून जसं आलं तसं बोलले.

"तू बरोबर लिहिलं होतंस. मी बघितलंही नव्हतं आणि खोडलं. वर सगळ्यांसमोर हसले तुला. चुकले मी. रविवारी येशील का?"

ती पट्टीचा शेवटचा केशरी कोपरा पिवळा होईपर्यंत बघत राहिली, वेळ लिहिली, वही मिटली. आजी मध्ये काहीतरी म्हणणार होती, तिला तिने हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली:

"येते मी. पण या टायमाला तुमची पण वही आणा, आजी. तुम्ही नुसत्या आमच्याच बघता."